ताठ पाठ अभियान, चारकोप

१५ जून, सकाळी ६.४०
गार्गी भाषणाला उभी राहिली की तिचा उजवा खांदा वर जातो. आत्मविश्वासाचा अभाव. वक्त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत हवेत. माझे आहेत.
ऑगस्टमध्ये अंधेरीला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा. विषय ‘स्वच्छ शहर’. भाषण मी लिहून दिलंय, बारा पानं. मुलगी बारा वर्षांची आहे, म्हणजे वयाच्या प्रमाणातच.
संकल्प: रोज सकाळी सहाला भिंतीला पाठ लावून अर्धा तास तालीम. महिन्याभरात खांदा सरळ.
अबोली म्हणाली, रविवारी तरी झोपू दे रे तिला. अबोली पत्नी म्हणून उत्तम आहे, पण तिने व्यासपीठ फक्त खालून पाहिलंय.

१८ जून, सकाळी ७
भिंतीत दोष सापडला. गार्गीला टेकवून उभी केली की उजव्या बाजूचं हाड आधी टेकतं. डावीकडे माझी दोन बोटं जातील एवढी फट. दोन वेगवेगळ्या खोल्यांत करून पाहिलं. दोन्ही भिंती वाकड्या, आणि दोन्ही एकाच बाजूला. अख्खी बिल्डिंग कललेली असणार.
सोसायटीचा सेक्रेटरी धोंडिराम याला दीड पानी तक्रार. प्रत फाइलला.

१९ जून
धोंडिराम ओळंबा घेऊन आला. दोरी सोडली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, भिंत सरळ आहे. ओळंबा स्वस्तातला असावा.
मग त्याने गार्गीला तिथेच उभं करून पाहिलं आणि म्हणाला, मुकुल, भिंतीचं सोड, पोरीला कुणाला तरी दाखव. त्याची पुतणी डॉ. मीरा बोरिवलीला एका हॉस्पिटलात मुलांच्या पाठी तपासते. सोनोग्राफीने. एक्स-रे नाही, किरण नाहीत, काही नाही.
सेक्रेटरीला वैद्यकीय मत विचारलं नव्हतं. पण विषय रोचक आहे. माहिती घेतो.

२४ जून
कॉलेजच्या ऑफिसातून अर्धा दिवस रजा. बोरिवली. गार्गीला नेलं नाही. आधी विषय समजून घ्यायचा, मग व्यक्ती. हा अभ्यासाचा क्रम आहे.
डॉ. मीरा हुशार बाई. वय असेल चौतीस. मला काका म्हणते, मी एक्कावन्न. तिने सांगितलेलं थोडक्यात: काही मुलांची पाठ वाढीच्या वयात एका बाजूला वळत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. दहा ते चौदा वर्षांच्या मुलींमध्ये जास्त. एक खांदा वर, कंबर एका बाजूला, फ्रॉकची खालची कड तिरकी. मुलाला वाकवलं की पाठीची एक बाजू उंच दिसते. वेळेत सापडलं तर पट्टा लावून थांबवता येतं. उशीर झाला तर ऑपरेशन. मशीनचा दांडा जेल लावून मानेपासून कमरेपर्यंत फिरवायचा, मूल उभंच, पाच मिनिटांत काम.
ऐकताना अंगावर काटा आला. केवढा प्रश्न, आणि समाज झोपलेला.
खोलीत मशीनच्या वर पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. खाली सहावीतला एक मुलगा उघड्या पाठीने उभा. मी विचारलं, ही पाटी इथे कशाला? ती म्हणाली, काका, सोनोग्राफीचं मशीन म्हटलं की पाटी आलीच, कायदा पाठ की पोट ते बघत नाही.
निघताना तिने विचारलं, मुलगी कुठेय? मी म्हणालो, प्रश्न एका मुलीचा नाही. ती म्हणाली, माझ्या खोलीत एका वेळी एकच मूल मावतं.
या पिढीला व्यापक विचार करताच येत नाही.

२५ जून, सकाळी ५.३०
ठरलं. ‘ताठ पाठ अभियान, चारकोप’. अध्यक्ष मी. उद्दिष्ट: सगळ्या सेक्टरांतली सगळी मुलं. घोषणा तयार: ‘एक्स-रे हटवा, लेकरं वाचवा’. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेव्हा तिलाही सुरुवातीला समिती नव्हती.
गार्गीची तालीम चालू. खांदा थोडा जास्तच वर वाटतो. जिद्द वाढते आहे.

२८ जून
घरात मतभेद. अबोली म्हणाली, अभियान होईल तेव्हा होईल, आधी गार्गीला दाखवून आणू, तिच्या युनिफॉर्मची कड तिरकी होतेय, मी दोनदा उसवून शिवली. मी तिला शांतपणे समजावलं. चाळीस मिनिटं. अध्यक्षाच्या मुलीचा पहिला नंबर लागला तर लोक काय म्हणतील? जिथे जिथे चळवळी बुडाल्या तिथे तिथे नातेवाइकांनी रांग मोडली होती. म्हणून मी जाहीर केलं, गार्गी शेवटची. चारकोपातलं शेवटचं मूल तपासून झालं की त्याच्या मागे माझी मुलगी.
अबोली बोलली नाही. पटलं.
गार्गीने विचारलं, बाबा, शेवटी म्हणजे कधी? म्हटलं, इतिहास तारखा सांगून येत नाही. ती म्हणाली, मला फक्त हिस्ट्रीच्या टेस्टच्या दिवशी नको.

२ जुलै, संध्याकाळी
प्रत्यक्ष कार्याला सुरुवात. खाली पार्किंगमध्ये मुलांना रांगेत उभं करून वाकायला लावलं. मागून मी निरीक्षण केलं. सव्वीस मुलं, दोन आजी आणि वॉचमन. वॉचमनला नको म्हटलं, पण तो म्हणाला, साहेब, माझं पण बघा, रात्रीची ड्यूटी असते.
चौदा मुलं संशयास्पद. पाठीत स्पष्ट गोलाई.
सोसायटीच्या ग्रुपवर एकीने लिहिलंय की मुलांना ओणवं करायची शिक्षा शाळेतूनसुद्धा बंद झाली. उत्तर दिलं, नऊ भागांत. ग्रुपची सेटिंग आता ‘फक्त अ‍ॅडमिन’ अशी झालीय. धोंडिरामचं काम. विचारांना कुलूप घालता येत नाही.

९ जुलै
धोंडिराम आपल्या गाडीतून चार खेपा करून चौदाही मुलांना मीराकडे घेऊन गेला. चौदाच्या चौदा सरळ. एकही वाकडी पाठ नाही.
अभियानाला धक्का. मीराचा फोन आला, काका, वाकल्यावर पाठ गोल दिसणारच, सगळ्यांची दिसते, बाजूंमधला फरक बघायचा असतो. आणि पुढे, तुमच्या गार्गीला पाठवा ना, धोंडूकाका सांगत होते. म्हटलं, तिचा नंबर दोनशे तेरावा. दोनशे बारा नावं नोंदवली आहेत.  ती म्हणाली, दोनशे तेरापर्यंत गार्गी किती वाढेल याचा अंदाज आहे का तुम्हाला? मी म्हणालो, उंचीत म्हणाल तर आताच माझ्या खांद्याला लागते.
उंचीबद्दल बोलून बरं वाटलं. माझ्यावर गेलीय.

१३ जुलै
नवा अडथळा. मी मीराला सुचवलं की मशीन चारकोपच्या हॉलमध्ये आणू. ती म्हणाली, येत नाही. मशीनची नोंदणी त्या खोलीसकट असते. खोली सोडून मशीन हलवलं तर ते सील होतं, आणि तिच्यावर केस. म्हणाली, तुम्ही मुलं पाठवा, रोज पाच-पाच, मी संध्याकाळी थांबते. फ्लेक्स नको, भाषण नको, फक्त रिक्षा.
रिक्षातून क्रांती झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. मी पुष्कळ वाचलंय.
फ्लेक्स छापायला दिला. ‘मोफत सोनोग्राफी! मशीन तुमच्या दारी!’ खाली माझा फोटो, हात वर केलेला. धोंडिराम प्रूफ बघून म्हणाला, अरे भाषणसम्राट, ‘सोनोग्राफी’ असं मोठ्या अक्षरांत लावलंस तर पोरं नाही, पोलीस येतील. भित्रा माणूस. विजेच्या कंपनीत वीस वर्षं काढली की माणूस प्रत्येक तारेला घाबरतो.

२० जुलै, दुपारी ३
उद्‌घाटन. हॉल भरलेला. मशीन नव्हतं, पण मशीनशिवाय उद्‌घाटन होऊ शकतं हे मी सिद्ध केलं.
मीरा आली होती. मुलं कशी तपासायची ते दाखवायला तिला एक मूल हवं होतं. निर्दोष पाठ कशी असते याचा नमुना म्हणून मी गार्गीला पुढे केलं. पाच आठवडे भिंतीची तालीम झालेली पाठ, दुसरी कुठली दाखवणार? तिचा नंबर शेवटचाच, हे माइकवरून स्पष्ट केलं. ही तपासणी नाही, प्रात्यक्षिक.
गार्गी स्टेजवर लोकांकडे पाठ करून वाकली. मी तिच्यापुढे माइकवर. वक्त्याने श्रोत्यांवरून नजर काढायची नसते, म्हणून मागे वळलो नाही. दप्तरांच्या ओझ्यावर बोललो.
आणि काय सांगू. आयुष्यात अशी शांतता ऐकली नव्हती. तिसऱ्या वाक्याला हॉल गप्प. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तोंडावर हात धरले. एकीच्या डोळ्यांत पाणी. धोंडिराम, जो माझ्या भाषणात फोन बघतो, तो उभा राहिला. दप्तरांवर आजवर कुणी रडलेलं नव्हतं.
मीराने गार्गीला लगेच सरळ उभं केलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला खाली नेलं. मी आणखी पस्तीस मिनिटं बोललो.
नंतर मीरा जवळ आली, म्हणाली, काका, दोन मिनिटं बोलायचंय. म्हटलं, अभिप्राय लेखी द्या, संग्रही राहतो. ती अबोलीकडे गेली. दोघी कोपऱ्यात बराच वेळ. अबोलीलाही अखेर माझं कार्य कुणीतरी समजावून सांगितलं, बरं झालं.
रात्रीच्या जेवणाला अबोलीने मला वाढलं आणि स्वतः नुसती बसून राहिली. भारावलेली.

२२ जुलै
अबोली म्हणाली, गार्गीबद्दल बोलायचंय, बस. मी म्हणालो, शिबिर होऊ दे, मग निवांत. ती म्हणाली, मुकुल, मी दोनदा सांगणार नाही. म्हटलं, एकदा पुरे, शिबिरानंतर.
सकाळी गार्गी तालमीला उठली नाही. अबोली दारात उभी होती. माघार नव्हे, विश्रांती.

२६ जुलै
माय-लेकी बोरिवलीला गेल्या. शाळेचे बूट घ्यायला. तीन तास. बूट मिळाले नाहीत.

३० जुलै
पुन्हा बोरिवली, पुन्हा बूट. परत आल्या तेव्हा गार्गीच्या पाठीला, टी-शर्टला, काहीतरी चिकट लागलेलं. दुकानात एसी नसेल. बूट नाहीतच. विचारलं तर गार्गी म्हणाली, माप घेतलंय, बनवून देणार आहेत. आता बूटसुद्धा मापाचे. आमच्या वेळी भावाचे घालायचो.
ग्राहक म्हणून स्त्रिया निर्णय घेऊ शकत नाहीत, यावर कधीतरी बोलायला हवं.

२ ऑगस्ट
अन्याय्य टीका. ए विंगमधला ओजस सायकलवरून पडला, हात सुजला. त्याच्या आईने हॉस्पिटलात जाऊन एक्स-रे काढू दिला नाही. म्हणाली, मुकुल सरांनी सांगितलंय, एक्स-रे हटवा, सोनोग्राफी करा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला म्हणे. दोन दिवसांनी एक्स-रे काढला, मनगट मोडलेलं.
धोंडिराम वर आला. ओरडला नाही, ते जास्त लागलं. म्हणाला, तुझ्या एका घोषणेपायी पोराने दोन दिवस हात मांडीवर धरून काढले. मीरा कधी म्हणाली रे एक्स-रे वाईट? ती म्हणते सारखा सारखा नको. लागेल तिथे काढायचाच.
घोषणेत एवढं बसत नाही. ‘एक्स-रे सारखा सारखा नको, लागेल तिथे काढायचाच.’ म्हणून पाहिलं. लोक झोपतील.

५ ऑगस्ट
मार्ग सापडला. मशीन मिळालं.
चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये बाळा नावाच्या ओळखीच्या माणसाचा गाळा आहे, खोट्या दागिन्यांचा. आत स्टीलची टाकी, पाणी भरलेलं, बटण दाबलं की गुंऽऽ आवाज येतो. बाळा म्हणाला, अल्ट्रासोनिक आहे, ध्वनिलहरींनी मळ निघतो. मी विचारलं, किरण वगैरे? तो म्हणाला, कसले किरण, साबणाचं पाणी आहे.
किरण नाहीत. ध्वनिलहरी आहेत. नोंदणी नाही, पाटी नाही, सील नाही. तत्त्वतः तेच. पाठीला दांडा फिरवायची सोय करावी लागेल. बाळा म्हणाला, सर, यात माणूस घालत नाहीत. म्हटलं, पहिलं विमान उडालं तेव्हा त्यातही कुणी घालत नव्हतं.
तूर्त प्रतीकात्मक. मशीन लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की अर्धी लढाई जिंकली.
मीराचा निरोप आला, फ्लेक्सवरून तिचं नाव काढा. पांढरा कागद चिकटवला. आता तिथे माझा फोटो मोठा करता येईल.

१० ऑगस्ट, दुपारी २
शिबिर. तपशीलवार लिहून ठेवतो, पुढे कुणी लिहिणार नाही.
९.३०: टाकी टेबलावर, वर पांढरी चादर. शेजारी जेलचे दोन कॅन, पाच-पाच लिटरचे. गर्दी चांगली.
१०.००: माजी नगरसेवकांच्या हस्ते चादर दूर. त्यांनी विचारलं, यात काय होतं? मी लहरींवर बोलू लागलो. बाळाने मध्येच त्यांची अंगठी मागून घेतली, टाकीत टाकली, बटण दाबलं. पाणी काळं झालं. अंगठी अशी चमकली की पुढच्या दोन रांगा उठल्या.
१०.२०: रांग. मुलांची नव्हे, बायकांची. मंगळसूत्रं, पैंजण, बांगड्या. एका आजोबांनी कवळी आणली, बाळाने नम्रपणे नकार दिला. मी माइकवरून विनंती केली की मुलं पुढे पाठवा. एक बाई म्हणाली, मुलगा घरी आहे, त्याची चेन आणलीय. 
११.००: मुलांनी जेलचा कॅन उघडला. निम्म्या मुलांचे केस उभे.
११.१५: महापालिकेच्या आरोग्य खात्याचं पथक. तीन माणसं, एक मॅडम, सोबत दोन पोलीस. कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. मॅडमनी विचारलं, सोनोग्राफी मशीन कुठेय, नोंदणी दाखवा. मी टाकीकडे हात केला. मॅडमनी आत वाकून पाहिलं. एकोणीस मंगळसूत्रं.
पंचनामा झाला. ‘स्टीलची टाकी एक, त्यात साबणाचे पाणी, त्यात दागिने.’ मॅडमनी मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही. मग कोण आहात? मी म्हणालो, वक्ता. त्यांनी ‘व्यवसाय’ या रकान्यात तसं लिहिलं. पंधरा मिनिटं त्यांना वाकड्या पाठींचं महत्त्व सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग इथे आज किती मुलं तपासली?
म्हटलं, लाभार्थी एकसष्ट.
त्या म्हणाल्या, मुलं.
फ्लेक्स उतरवून घेतला. लेखी समज. पोलिसांपैकी एकाने जाता जाता घड्याळाचा पट्टा स्वच्छ करून घेतला.
अबोली आणि गार्गी आल्या नव्हत्या. बूट.

११ ऑगस्ट
ओणवं करण्यावरून जी बाई लिहीत होती तिने आज जिन्यात मला थांबवून सांगितलं की तिचं मंगळसूत्र नव्यासारखं झालंय. जनमत वळतं आहे.
अबोलीशी ठरल्याप्रमाणे निवांत बोलायचं होतं. मी खुर्ची ओढली, बस म्हटलं. ती म्हणाली, आता राहू दे, झालं.
काय झालं ते नीट विचारलं नाही. पंचनाम्याला उत्तर लिहीत होतो.

१६ ऑगस्ट
सगळं लक्ष आता स्पर्धेवर. २३ तारीख. गार्गी म्हणाली, बाबा, २३ ला मला जमणार नाही. मी भाषणाचं नववं पान दुरुस्त करत होतो. म्हटलं, जमणार नाही हे शब्द वक्त्याच्या कोशात नसतात. ती आणखी काहीतरी म्हणाली. नववं पान आता झकास झालंय.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी ७
क्रमाने लिहितो. 
ऑफिसातून थेट अंधेरी. पहिली रांग पकडली. गार्गी अबोलीबरोबर येणार होती. निदान मी तसं धरून चाललो होतो. बाराव्या क्रमांकाला तिचं नाव पुकारलं. दोनदा. तिसऱ्यांदा. कुणी उठलं नाही. मी उठलो. आयोजकांना म्हणालो, भाषण माझ्याकडे आहे, तोंडपाठ आहे, ती येईपर्यंत मी करतो. ते म्हणाले, सर, हा पाचवी ते सातवीचा गट आहे. मी म्हणालो, विषय वयातीत आहे. त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं आणि चहा दिला.
अबोलीला फोन लावला. ती म्हणाली, आम्ही बोरिवलीला, मीराकडे. २३ ला जमणार नाही हे तुला गार्गीने सांगितलं होतं. एकदा नाही, तीनदा.
रिक्षा केली.
मीराच्या खोलीबाहेर बाकावर धोंडिराम. त्यानेच दोघींना गाडीतून आणलं होतं. आजच नाही, दर वेळी. म्हणाला, ये, बस, आणि आधी ऐक. मी बसलो.
गार्गीची पाठ वळलेली आहे. अठ्ठावीस अंश. उद्‌घाटनाच्या दिवशी ती वाकली तेव्हा अख्ख्या हॉलला दिसलं. पाठीची उजवी बाजू उंच आलेली शेवटच्या रांगेतूनही कळत होती, धोंडिराम म्हणाला. फक्त तू माइकवर होतास.
मीराने २६ जुलैला सोनोग्राफी केली, मग पक्कं करायला एक एक्स-रे. ३० ला पुन्हा सोनोग्राफी, पट्ट्याचं माप घेतानाची. चिकट होतं ते जेल. माप पट्ट्याचं होतं. बूट कुणी घेतच नव्हतं.
मीरा बाहेर आली. मी विचारलं, उशीर झाला का? एवढंच विचारलं. ती म्हणाली, नाही, अबोलीताई वेळेत आल्या. गार्गी झपाट्याने वाढतेय. तुम्ही अजून सहा महिने थांबला असतात तर आपण वेगळं काहीतरी बोलत असतो. पट्टा आज बसवला, आता दिवसाचे अठरा तास, दोन वर्षं तरी. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी, म्हणजे सारखे एक्स-रे नकोत. आणि मग म्हणाली, तुमचं एक बरोबर होतं काका, तपासणी सगळ्यांची व्हायला हवी. 
मला का सांगितलं नाही, असं अबोलीला विचारलं. ती म्हणाली, मी बस म्हटलं होतं, तू बसला नाहीस. नंतर गार्गीने अट घातली, बाबाला सांगायचं नाही.
का?
अबोली म्हणाली, ती म्हणाली, तो माझ्यावर भाषण करेल. आणि सगळ्यांसमोर करेल.
खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत गार्गी हसत होती, मीरा काहीतरी सांगत होती. पडदा होता. बाहेरूनच परत आलो.

२५ ऑगस्ट, सकाळी ७.३०
पट्ट्याचा आज शाळेतला पहिला दिवस. पांढरं कडक प्लास्टिक, काखेपासून कमरेपर्यंत, मागे तीन बंद. वरून युनिफॉर्म. अबोलीने एक माप मोठा शिवून घेतलाय, कड सरळ.
काल दिवसभर दोन पानं लिहिली होती. संकटाला सामोरं जाणं, धैर्य, इतिहासातले दाखले. गार्गीला ऐकवायची म्हणून सहाला उठलो.
ती हॉलमध्ये उभी होती, पट्टा अंगात, बंद सुटे. अबोली डबा भरत होती, तिचे हात पिठाचे. गार्गी म्हणाली, बाबा, जरा मागे ये. गेलो. बंद कसा ओढायचा ते तिने सांगितलं. पहिला मधला, मग खालचा, मग वरचा. खूण केलेली आहे तिथपर्यंत.
मधला ओढला. ती म्हणाली, अजून.
ओढताना मी म्हणालो, गार्गी, आयुष्यात
ती म्हणाली, बोलू नकोस, ओढ.
खालचा ओढला. वरचा ओढला. खुणेपर्यंत आले तिन्ही. तिला शाळेला उशीर झाला नाही.